दाराची वरची कड

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आपल्या गल्लीचं नाव जुन्या वास्तूंच्या यादीतून काढायला निघालेत. पाहणीच्या बाई आल्या, चौदाही दारांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की दारं गुळगुळीत आहेत, अलीकडचीच वाटतात. जुनी असल्याचा पुरावा द्या. नाव निघालं की बिल्डर टपलेलाच आहे. मी तावातावाने भांडले, पण पुरावा म्हणून माझ्याकडे नुसतं तोंड! वीस तारखेला शेवटची पाहणी. या घराबाहेर मी जगणार नाही रे. बाबांच्या हाताखाली तू आठ वर्षं गल्लीतली ही सगळी दारं रंगवलीस, काहीतरी आठव. की डोक्यालाही अस्तर मारून बसलायस?

तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिडी लाव आणि दाराची वरची कड बघ. बाबा दर्शनी बाजू घासून आरशासारखी करायचे, पण वरची कड त्यांनी कधीच खरवडली नाही. जुन्यावरच नवा हात मारायचे. वर कोण चढून बघणार आहे, हे ठरलेलं उत्तर. त्यावरून मी त्यांना कामचुकार म्हणालो आणि घर सोडलं, तुला माहीतच आहे. रंगाचे सगळे जुने थर तिथे असणार. तू मात्र चढू नकोस, गुडघे सांभाळ.

लोभ आहेच, रागावलीस तरी राहू दे.
तुझा,
धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
पोटभर आशीर्वाद.

जिंकलो रे! चढले मीच, गुडघे गेले खड्ड्यात. मग बाई चढल्या, भिंग लावून थर मोजले. अकरा! तळाशी गर्द हिरवा, बाईंच्या मते शंभरेक वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या दारावर तोच, तिसऱ्यावर तोच, चौदाच्या चौदा दारांवर तोच. बाई शिडीवरूनच म्हणाल्या की असा पुरावा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. गल्ली यादीत कायम! शेजारीण तर रडायलाच लागली, मग मीही.

आता सगळी दारं पुन्हा हिरवी करायची ठरलीत आणि रंगारी म्हणून मी तुझं नाव देऊन बसले आहे. नाही म्हणायचं नाही. बाबांवरचा राग पुरे झाला, ब्रश घेऊन ये.

दर्शनी बाजू हवी तेवढी घास. वरच्या कडेला मात्र पॉलिशपेपर लावलास, तर शिडी काढून घेईन.

वाट पाहते,
ताई