बाण वरच्या बाजूला

नारायण पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय ऋतू,

तुला भरपूर आशीर्वाद, तुझ्या तंबूतल्या त्या उंदरालाही. मी मजेत आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तर पेन भिकार आहे असं समज. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि आता ही तऱ्हा!

सातपुड्यातून तू पाठवलेला दगड पोचला. वीतभर तुकडा, पण काय जड गं! पत्र दीपालीनं वाचून दाखवलं. वरच्या मजल्यावरची, तिचा आवाज छान आहे म्हणून. त्या तुकड्याची सगळी गोष्ट लिहिलीयस: आधी दलदलीतलं जंगल, त्याचा खाली कोळसा झाला. मग नदीनं वाट बदलली आणि वर वाळू आणून टाकली, तिचा खडक. तेव्हापासून दुपारी डोळा लागला की ती नदी आपल्या पेठेतून वाहते. अगदी सावकाश. दुकानं, स्कूटरी, माझ्या पाट्या, सगळ्यावर पिवळी वाळू बसत जाते. भीती नाही वाटत. उलट उठावंसंच वाटत नाही.

पुण्यात नोकरी मिळतेय, डोंगर सोडून परत येऊ का, असं विचारलंयस. अजिबात नाही! इथे येऊन काय करणार, खुर्चीत बसून जांभया देणार? माझं उत्तम चाललंय.

काल दीपाली दगड बघून हसली. "काका, उलटा ठेवलाय की! बाण खाली गेलाय."

जमिनीतून काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर तुम्ही भूगर्भवाले वरची बाजू दाखवणारा बाण रंगवता, हे तू मला किती वेळा सांगितलंयस. चांगला लालभडक, बोटभर जाड बाण. आणि मी इतके दिवस कोळसा वर ठेवून रोज फडक्यानं पुसत होतो.

मला तो दिसलाच नव्हता, ऋतू.

पेन चांगलं आहे. डोळ्यांचा पडदा खराब होतोय. समोर धरलं की मधोमध धुकं, कडेकडेनं दिसतं. इंजेक्शनं चालू आहेत, पण गेलेली नजर परत यायची नाही म्हणतात. तू सामान बांधून निघाली असतीस, म्हणून बोललो नाही. घाबरलोय मी, खरं सांगतो.

तरीही कायमची येऊ नकोस. मला न्यायला ये. तू लिहितेस तो अख्खा कडा मला बघायचाय, वाळूच्या खडकाखालची ती काळी रेघ बघायचीय. तिथे हात धरून उभं कर. दिसेल तेवढं बघेन, उरलेलं हातानं चाचपेन.

कड्याला काही घाई नाही गं. मला आहे.

बॅग भरून बसलेला,
तुझा बाबा