पिफलच्या कानगोष्टी

सोमवार
लागली नोकरी! इंग्लंडात मोरकॅमला, समुद्रासमोर, जुन्या खेळण्यांच्या म्युझियममध्ये. नॅन, म्हणजे माझी आजी, म्हणाली, रोज चार ओळी लिही, अक्षर तरी सुधारेल. घे, लिहिल्या. मालकीण मिस हॅलिवेल. मी सकाळीच तिची हॅट एका लाकडी माकडाला घातली, बाई दिवसभर शोधतेय. इथला राजा पिफल. हातात घालायचा कापडी बिज्जू, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा बिळातला प्राणी. जुन्या टीव्हीवर तो स्वतः कधी बोलायचा नाही, बाहुलीवाल्याच्या कानात कुजबुजायचा. घरोघरची पोरं ओरडायची, काय म्हणतो, काय म्हणतो? आता तीच पोरं काठ्या टेकत येतात आणि त्याला बघून नाक शिंकरतात.

बुधवार
मिस म्हणाली, घाल पिफलला हातात, हसव लोकांना. मी त्याला कानाशी नेला मात्र, सगळे म्हातारे एका सुरात, काय म्हणतो? मिस्टर क्लेग सगळ्यात पुढे, आयुष्यभर बस चालवलेला माणूस. मी दिलं ठोकून, म्हणतो, तुमची कवळी आज कस्टर्डमध्ये पोहणार. खाली चहाच्या खोलीत खरंच पडली! क्लेग म्हणे, मेल्या, तुझी जीभ काळी आहे. हसून हसून पोट दुखलं.

शुक्रवार
पिफल बघायला आलेल्या म्हाताऱ्या मिसेस ब्रेथवेटने विचारलं, काय म्हणतो माझा लाडका? मी म्हणणार होतो, बिस्किट मागतो. तोंडातून आलं, तुम्ही जिना उतरणार नाही. मी नाही बोललो ते. कानात आधी ऐकलं. बाई हसली, गालगुच्चा घेतला माझा. आणि जिन्यावरून—
अँब्युलन्स आली. उपयोग नव्हता.

शनिवार
पिफल हातातून निघत नाही. कात्री लावली तर रक्त माझं आलं. डाव्या हाताने लिहितोय. मिस हॅलिवेल माझ्याकडे बघतसुद्धा नाही. एवढंच म्हणाली की कुणी विचारलं तरच तो सांगतो. विचारूच देऊ नकोस.
आणि उद्या नॅन येणार. लहानपणी दुकानातला असलाच पिफल कुशीत घेऊन झोपायची ती. तिला विचारल्याशिवाय राहवेल?
फोन केला. येऊ नकोस म्हटलं, रडलो. ती खो खो हसली. म्हणाली, परवा मी मेलो म्हणून फोन केला होतास ना, चावटा? येणारच.

रविवार
आली. मी अडगळीच्या खोलीत, कडी लावून. तोंडात मोजा कोंबलाय. बोलायचंच नाही.
दार वाजवतेय. ये रे बाहेर, सोंगाड्या, म्हणतेय. पिफल कानाशी येतोय— हात माझा, पण मी उचलत नाहीये—
नको विचारू नॅन नको
विचारलं.
मोजा दातात घट्ट. हूं की चूं नाही. नॅन, घरी जा, असं चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवलं. वाचली तिने. हसतेय. म्हणतेय, बरं बाबा, तोंडाने नको, मग लिहून दे, काय म्हणतो तो?
नाही. डावा हात पण— थांबत नाही—
नॅन पिफल म्हणतो तू या दाराशीच आत्ता