बाळाच्या पाण्यातलं चक्रीफूल

प्रिय दादा,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आपल्या धाकट्या अमिषाच्या बाळाच्या पोटात वात धरला म्हणून आईने चक्रीफूल उकळून ते पाणी त्याला चमच्याने पाजलं.
२. बाळाला झटके आले.
३. पातेल्याच्या तळाशी राहिलेले तुकडे मी बंदरावरच्या आमच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासले.
४. ते चक्रीफूल नव्हतं.

बाळ शुद्धीवर आहे, अंगावर पितं आहे. डॉक्टरांनी अजून घरी सोडलेलं नाही. आईला कुणी काही बोललं नाही, तरी ती उजवा हात मांडीखाली दाबून बसून असते. चमचा त्या हातात होता, एवढंच ती एकदा म्हणाली.

ते तुकडे माझ्या ओळखीचे होते: लहान फळं, टोकाला आकडा, बडीशेपेसारखा वास अजिबात नाही. गेल्या महिन्यात बंदरावर आलेला असाच माल मी स्वतः नापास केला होता. गोणींवर चक्रीफूल, बादियान, अन्नासिपू अशी तीन भाषांतली नावं होती आणि बाजारात या नावांवर खरं चक्रीफूल आणि त्याच्यासारखं दिसणारं विषारी फळ, दोन्ही खपतं. कागदावर इलिसियम व्हेरम, म्हणजे खरं चक्रीफूल; आत निघालं विषारी इलिसियम अनिसेटम. जपानात त्याला शिकिमी म्हणतात. देवळात, थडग्यांवर वाहतात, खात नाहीत. तो माल जाळायला नेणारी गाडी तुझी होती.

त्या दिवशी जेवताना मी हे सांगितलं, तर तू हसलास. "चक्रीफूल ते चक्रीफूल! हिला लॅटिन नाव घेतल्याबिगर आमटी पन गोड लागत न्हाय." आई हसली, मीही हसले. काही वाया जाताना तुला बघवत नाही, हे मला माहीत आहे. लहानपणी फुटक्या पेटीतले खजूर तू सगळ्या आळीला वाटले होतेस, मला सगळ्यात शेवटी. जाळायच्या मालातली गोणी वाचवून वाटतानाही तू पैसा पाहिला नसणार.

दवाखान्यात माझ्या हातातली तुकड्यांची पिशवी पाहिलीस आणि चहा तसाच ठेवून निघून गेलास. तेव्हा मला कळलं. तुझा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र शेजारच्या गणराजच्या गाडीतून तुझ्या माणगावच्या गोदामावर पाठवते आहे.

भांडायला लिहीत नाही. गावात अंगणाअंगणात मिरच्या वाळताहेत. सोमवारपासून डंकावर वर्षाचा मसाला कुटायला रांग लागेल. मी घरोघर फिरले. जनीकाकीला बाळाचं सांगितलं, तर म्हणाली, "नजर लागली असंल गं. आमचं चक्रीफूल चांगलं हाय, आपल्या दिपेशनी दिलंय." पुढच्या घरीही तुझंच नाव. मी फोटो दाखवले, दोन्ही झाडांची नावं सांगितली. सगळ्यांनी मला चहा दिला, पण मसाल्याच्या डब्याला हात लावू दिला नाही. गोणी कुठे कुठे वाटलीस ते मला माहीत नाही. माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील. तू दारात उभा राहून मागितलंस तर डबे बाहेर येतील. तू आला नाहीस तर मी देवळाच्या भोंग्यावरून सांगेन, आणि कुणी दिलं तेही सांगेन.

येतोस की नाही, ते मला रविवारी दुपारपर्यंत कळव.

तुझीच,
हेमांगी