कागदावर न्यूमोनिया

मेडशी,
दि. २९ मार्च २०२२

सतीशदादा,
सप्रेम जयभीम.

मी इकडे बरी आहे. तू तिकडे चाकणला बरा असशील असं धरून चालते, कारण तू फोन उचलत नाहीस आणि विचारायला दुसरा मार्ग नाही. पत्ता मावशीकडून, तुझ्या आईकडून घेतला. तुझ्या कंपनीच्या एका जुन्या पाकिटाचा कोपरा तिने कापून ठेवला आहे, त्यावरचा. खोली बदलली नसशील तर हे पोचेल.

इकडे आतापासूनच ऊन सोसवत नाही. तुरी कधीच्या निघाल्या. मावशी मागच्या आठवड्यापर्यंत हरभरा काढायला रोजाने जात होती, गुडघा सुजला तरी. काकांनी अर्धी बांधलेली न्हाणी तशीच आहे. गावभर लोकांची घरं बांधली आणि आपली न्हाणी राहिली, असं मावशी म्हणते. तिने तिला जुन्या लुगड्याचा पडदा लावला आहे.

झाली खुशाली. दादा, मी रागात आहे, आणि तो राग घोटून लिहायला मला जमणार नाही.

आठ मार्चला मावशीने तुला फोन केला होता, आठवतं? तो फोन माझा होता. "पिंकी, सतीशले लावून दे न वं, मले ते बटन समजत नाई," म्हणत ती आमच्या ओट्यावर आली. मी लावून दिला. तिला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोर धरून बसले. तिला एवढंच विचारायचं होतं की काका गेल्याबद्दल सरकारकडून मिळणाऱ्या पन्नास हजाराचा अर्ज नामंजूर झाला आहे, पण ग्यानबा कोतवाल म्हणतात वाशिमला परत करता येतो, पोराची ना-हरकत लागते, तर तू देशील का.

तू काय म्हणालास ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण तू विसरला असशील. "बाबाले कोरोना नव्हताच. कागदावर सरकारनंच न्यूमोनिया लिहून देलं. तू त्याईले तिथं नेऊन टाकलं, म्हनून गेले ते. घरी ठेवले असते तं आज जिते असते. आन् आता पैशासाठी कोरोना म्हनून राह्यली का?"

आणि तू फोन ठेवलास.

मावशी रडली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "कट झाला का?" मी हो म्हणाले. ती पदर सावरून उठली आणि घरी गेली. त्यानंतर मी तुला सतरा वेळा फोन केला.

अकरा महिने तू घरी आला नाहीस. मला वाटायचं सुट्टी मिळत नसेल. त्या दिवशी कळलं की तू आईला शिक्षा देत होतास. आता काय घडलं ते ऐक. ते तुला कोणी सांगितलंच नाही. तू तिकडे लॉकडाऊनमध्ये अडकला होतास, आणि मावशीला सांगता येत नाही.

मागच्या एप्रिलची चोवीस तारीख. काकांना पाच दिवस ताप होता. सकाळी ते मावशीशी बोलताना वाक्य पुरं करू शकेनात. मावशीने गोलूच्या ऑटोसमोर उभं राहून ऑटो अडवला. तो नाही म्हणत होता, त्याला दोष नाही, तेव्हा सगळेच नाही म्हणत होते. ही म्हणाली, "अंगावरून नेतं का मंग?" त्याने बसवलं. वसतिगृहात आमचं कोविड सेंटर होतं, तिथे ती काकांना घेऊन आली. मी सिस्टर म्हणून ड्यूटीवर होते. बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर म्हणजे काय ते तुला कळणार नाही, म्हणून सांगते. तसाच माणूस घरी ठेवला असता तर संध्याकाळ पाहिली नसती. ऑक्सिजन लावल्यावर ते तीन दिवस होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "पिंकी, तुया सेंटरच्या भिती कोनं बांधल्या? गुन्या लावला नाई कोनं." गवंडीच ते, कोपरा काटकोनात नाही हे पडल्यापडल्या दिसलं त्यांना. हसले पण. दुपारी अडीचला गेले.

तुझ्या आईने त्यांना तीन दिवस दिले, दादा.

बॉडी दिली नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आमच्याच माणसांनी नेली. मावशीला फाटकाच्या बाहेर लांबून दाखवली, चेहरा नाही, नुसतं गुंडाळलेलं. का, तर कोरोना. आणि त्याच दिवशी मृत्यूच्या कारणाच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलं गेलं. जाळताना कोरोना आणि कागदावर न्यूमोनिया. एका माणसाला एका दिवसात दोन आजार.

डिसेंबरात सरकारने जाहीर केलं की कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना पन्नास हजार मिळतील, आपत्तीच्या निधीतून. पूर येतो, गारपीट होते, त्यासाठी ठेवलेला असतो तो पैसा. मावशीने गावातच ऑनलाइन अर्ज भरला. जानेवारीत नामंजूर झाला. ती ऑफिसात विचारायला गेली, तर खिडकीतला बाबू म्हणाला, "आजी, तुमच्या माणसाला कोरोना नव्हता. खुश व्हा."

खुश व्हा.

तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. "वाच बाई, काय लिवलं." मी वाचला. 'कोविडमुळे मृत्यू झाल्याचा पुरावा आढळून येत नाही.' ती म्हणाली, "मंग तुमी त्याले मले काहून नाई देलं? कोरोना नव्हता तं मी त्याचं तोंड पाह्यलं असतं." मी म्हणाले, मावशी, वरूनच नाही म्हणतात, आपल्या हातात काही नाही.

त्या कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. निर्णय मान्य नसल्यास जिल्हा समितीकडे तक्रार करता येईल. ती ओळ मी वाचून दाखवली नाही.

का, ते सांगते. 'लिहिलं गेलं' असं मी वर लिहिलं ना, ते खोटं आहे. कागद आपोआप लिहिले जात नाहीत. काका गेले तेव्हा सेंटरचे मोठे डॉक्टर साहेब टेबलाशी उभे होते. रिपोर्ट आला का, म्हणून विचारलं. मी म्हणाले, नाही सर, पेंडिंग आहे. "मग न्यूमोनिया लिही. आज चार झालेत, पाचवा कशाला? मला वर उत्तर द्यावं लागतं." मी लिहिलं. खाली सही साहेबांची आहे, पण अक्षर माझं. तू ज्या कागदाचा दाखला देऊन आईला बोललास तो माझ्या हातचा आहे.

आठ तारखेला तुझा फोन कट झाला तेव्हा ते सगळं माझ्या मांडीवर येऊन पडलं. पैशापुरतं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. खरं तेच लिहिते. पण तू म्हणालास, तू नेऊन टाकलं म्हणून गेले. ते बोलायला तुला जागा कोणी करून दिली? मी.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला म्हणाले, चल, वाशिमला तक्रार करू, ना-हरकत मागाहून पाहू. तिने कारण विचारलं नाही. बावीस तारखेला बोलावणं आलं. मेडशीहून सकाळच्या एसटीने गेलो. मोठ्या टेबलामागे पाच जण होते, मध्ये एक मॅडम. त्यांनी मावशीला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कागद पाहून म्हणाल्या, "आजी, यात कोरोना कुठेच नाही. नावाने शोधलं तर कॉम्प्युटरवरही काही दिसत नाही. आम्ही कशाच्या आधारावर मंजूर करायचं?"

मावशी म्हणाली, "मले काय समजते मॅडम. मी त्याले नेलं तवा तो बोलत होता."

मी उठले. "मॅडम, हा कागद मी लिहिला आहे. मी तेव्हा तिथे सिस्टर होते. हे कारण चुकीचं आहे."

"चुकीचं म्हणजे? नजरचुकीने?"

"नाही. मुद्दाम."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मावशीने नाही पाहिलं. ती हातातल्या पिशवीकडे पाहत होती. मी साहेबांचं वाक्य सांगितलं, लिहून दिलं, सही केली आणि पुरावा दाखवला. पाच मिनिटांत त्यांना काकांचं नाव सापडलं. 'देवमन'चं 'देवमान' करून ठेवलं होतं कोणीतरी. केस मंजूर झाली.

हे पत्र मी इथे संपवणार होते. काल इथपर्यंत लिहून घडी घातली होती. आज उघडलं, कारण पुरावा म्हणजे काय ते मी लिहिलेलं नाही, आणि ते तू वाशिमच्या कागदात वाचण्याआधी माझ्याकडून वाचावंस.

काका भरती झाले तेव्हा त्यांचा फोन मावशीसाठी घरी ठेवून आले होते, तिला एकटीला लागेल म्हणून. स्वॅबच्या फॉर्मवर नंबर पाहिजे असतो. मी माझा टाकला. ते गेले सत्तावीसला. एकोणतीसला सकाळी माझ्या मोबाईलवर मेसेज आला. पॉझिटिव्ह. नाव चुकलेलं, पण वय, गाव, तारीख सगळं काकांचं.

म्हणजे एकोणतीसला रिपोर्ट पेंडिंग नव्हता, दादा. आलेला होता. मी तो वाचला. कागद तेव्हा आमच्याच टेबलावर होता, पुढे गेला नव्हता. साहेबांना जाऊन म्हणायचं होतं, सर, रिपोर्ट आला, दुरुस्त करू. तीस तारखेला माझी तीन महिन्यांची कंत्राटी ऑर्डर संपत होती आणि नव्या ऑर्डरवर साहेबांची शिफारस लागणार होती. मी मोबाईल एप्रनच्या खिशात ठेवला. तिसाव्या तारखेला ऑर्डर मिळाली. आमचे पगारसुद्धा आपत्तीच्याच पैशातून होतात असं तेव्हा सेंटरवर म्हणत. म्हणजे एका थैलीतून मी माझं काढून घेतलं आणि तुझ्या आईचं अडवलं.

मेसेज मी पुसला नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. रोज मोबाईल कंपनीचे, बँकेचे मेसेज पुसायचे आणि तो सोडायचे.

समितीत एक डॉक्टर होते. त्यांनी मेसेजची तारीख पाहिली आणि शांतपणे विचारलं, "सिस्टर, हा अकरा महिने कुठे होता?"

मी म्हणाले, माझ्याजवळ. मावशीने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

परतताना ती एसटीत खिडकीशी बसली. मी बाजूला बसले तर ती सरकली नाही आणि उठलीही नाही. निम्मा रस्ता संपला. मी मनाशी म्हणत होते, हिने मारावं, शिव्या द्याव्या. मग ती बाहेर पाहतच म्हणाली, "मंग त्याले कोरोनाच होता न?"

"हो मावशी."

"पक्का?"

"पक्का."

"मंग मी त्याले नेलं ते बराबर केलं."

"बराबर केलं. तू नेलं नसतं तर तीन दिवसही नसते मिळाले."

त्यावर ती रडली, दादा. पन्नास हजार मंजूर झाले म्हटलं तेव्हा तिने नुसती मान हलवली होती. रडली ती यावर. अकरा महिने ती बाई स्वतःला नवऱ्याची मारेकरीण समजत होती. तुझ्या न येण्यामुळे, तुझ्या तोंडामुळे आणि माझ्या खिशामुळे.

मेडशीला उतरल्यावर ती म्हणाली, "तू माया घरी येऊ नको आता. मी बोलावीन तवा ये." अजून बोलावलेलं नाही. मीही गेलेले नाही. गुडघ्याच्या गोळ्या ग्यानबांच्या हाताने पाठवते, त्या ती घेते.

साहेबांचा फोन आला होता. दुसऱ्या जिल्ह्यात आहेत आता. "माझं नाव घ्यायची काय गरज होती? तुझी चूक तू कबूल करायची होती." मी म्हणाले, सर, माझी केलीच. तुमची सही होती, ती मी कशी लपवू? ते म्हणाले, तुझी नोकरी गेली समज. परवा मला खुलासा मागणारी नोटीस मिळाली. एकतीसला ऑर्डर संपते, पुढची मिळणार नाही हे मला कळतं. त्याबद्दल मला तुझं काही नको. घरची अडचण, माझ्या बाबांचं औषधपाणी, हे सगळं मी इथे पुढे करणार नाही. अडचण तुमच्या घरीही होती.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. मागितली तर तू दिली-नाही दिली यात माझाच विषय होईल. माझ्यावर तुला काय करायचं ते कर, तक्रार कर, गावात सांग, मी नाही म्हणणार नाही. पण माझ्यावर चिडून मोकळा होऊ नकोस. कागद मी खोटा लिहिला, पण तो आईच्या तोंडावर फेकायला मी सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ एकदा बसून विचारलं असतंस, आई, बाबाले काय होत होतं, तर तिने तुला अठ्ठ्याहत्तर नसतं सांगितलं, पण तो श्वास करून दाखवला असता. तिने मला दाखवला आहे.

ना-हरकत आता लागत नाही, ती पाठवू नकोस. स्वतः ये. जमत नसेल तर फोन कर. माझ्या फोनवर नाही, ग्यानबांच्या. पैशाचं बोलू नकोस. एवढंच म्हण की तू बाबाले नेलं ते बराबर केलं. माझ्या तोंडून तिने ते ऐकलं आहे, पण मी तिची कोणी नाही.

या वेळी अक्षर माझं आणि खाली सहीही माझीच. हे कोणी उभं राहून लिहवून घेतलेलं नाही.

कु. पिंकी बबनराव खंडारे