वाचनाच्या शनिवारी चौथ्या मजल्यावर

भूगाव,
रविवार, दुपार

ती. शारदामावशीस,

उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जागेवर आहेत हे आधीच कळवते, मागच्या आठवड्यात याची खात्री नव्हती.) तुझी कंबर कशी आहे? काकांनी साखर सोडली की अजून देवघरातल्या पेढ्याला "प्रसाद आहे" म्हणून हात घालतात? कारंज्याला ऊन वाढलं असेल. कुरडया घालायला एकटीने गच्चीवर जाऊ नकोस. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी आई असते. हे प्रकरण आईच्या कानावर गेलं तर ती पहिल्या गाडीने मला न्यायला येईल, म्हणून कागद हातात घेतला.

माझ्या कॉलेजातला अमोल तुला आठवत असेल, थाळीफेकवाला, ज्याने आपल्याकडे जेवायला बसून तुझी पोळ्यांची परात रिकामी केली होती. तो हिंजवडीत माझ्याच इमारतीत दुसऱ्या कंपनीत आहे. त्याने मला एका संस्थेत ओढलं. कॉलेजात खेळलेल्या लोकांनी शनिवारी गावच्या शाळेत जायचं आणि सहावी-सातवीत मागे पडलेल्या मुलांना एकेकाला हाताशी धरायचं, असं तिचं काम. संस्थेच्या आशालताताई पहिल्याच बैठकीत म्हणाल्या की हरून पुन्हा मैदानात कसं उतरायचं हे खेळाडूंना ठाऊक असतं. या विषयातला माझा अनुभव दांडगा असल्यामुळे (उंच उडीत विद्यापीठात चौथी, तीही सलग) मी नाव दिलं. त्या दिवसापासून मला शुक्रवारी संध्याकाळपासूनच शनिवारची धास्ती वाटते. स्पर्धेतसुद्धा एवढी वाटली नव्हती. तिथे आडवी दांडी असायची, ती आपल्याकडे टक लावून बघत नाही. सातवीचा वर्ग बघतो. अमोल तर एवढा धिप्पाड, पण पोरांनी "सर, पंधरा सत्ते?" विचारलं की पाणी प्यायला बाहेर जातो.

माझ्या वाट्याला दिशा आली. सातवीत आहे, हिशेबाला तरबेज, बोलायला फटकळ, पण पुस्तक उघडलं की दातखीळ बसते. साधी अक्षरं लागतात. जोडाक्षर आलं की म्हैस पुलावर थांबावी तशी थांबते, आणि मग कोणी हसलं तर दिवसभर गप्प. आईवडील कामाला लांब असतात. घरी आजी, चंद्राबाई. मावशी, मी आयुष्यात अनेकांना घाबरले आहे, तुलाही, पण चंद्राबाईंसारखं कोणी नाही. पहिल्या भेटीत बाजारात म्हैस पारखतात तसं त्यांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "उड्या मारती व्हय ही? मंग शिकवनार काय?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

तर मुख्याध्यापक जयसिंग सरांनी ठरवलं की शनिवारी पालकांसमोर प्रत्येक मुलाने एकेक उतारा वाचायचा. मी दिशाला अगदी प्रशिक्षकाच्या थाटात सांगितलं, "एकदा सगळ्यांसमोर वाचलंस ना, की भीती कायमची जाते." तिने मान डोलावली. मला वाटलं, पटलं. (नवशिक्या माणसाला मान डोलावण्याचे प्रकार कळत नाहीत. तुला कळले असते.)

मागच्या आठवड्यात त्या शनिवारी मुलं ओळीत बसली आणि दिशा नव्हती. पालकांत बसलेल्या चंद्राबाई म्हणाल्या, पोरगी गणवेश घालून कवाच निगाली. मग त्यांनी ओळीवरून नजर फिरवली, मग माझ्यावर, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काय बोललीस तू तिला?" मला माझंच वाक्य आठवलं. शाळेसमोरचा रस्ता कसा आहे तुला कल्पना नाही. खडीचे डंपर दिवसभर पळत असतात. अमोल तिकडे धावला. चंद्राबाईंनी मला दंडाला धरून शाळेमागची अर्धवट इमारत दाखवली. "आमच्या भाताच्या खाचरातच बांधलीया. रुसली की तितं जाती. माजं गुडघं चालत न्हाईत. जा की, पळनारी हायेस न्हवं तू?" मी पळणारी नव्हे, उडी मारणारी, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

आता तुला एक सांगायला हवं. मला उंचीची भीती वाटते. उंच उडीवालीला उंचीची भीती कशी, असं सगळेच विचारतात. उडीत विचार करायला वेळ नसतो आणि खाली गादी असते. त्या इमारतीत विचार करायला भरपूर वेळ होता आणि खाली सळया होत्या. काम बंद पडलेलं, जिन्याला कठडा नाही, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला थेट आभाळ. मी भिंतीला पाठ घासत चढले. हाका मारत होते, उत्तर येत नव्हतं, आणि प्रत्येक मजल्यावर ती नसली की आधी हायसं वाटायचं (खाली वाकून बघावं लागलं नाही म्हणून) आणि मग लगेच आणखी जोरात हाक मारायचे.

चौथ्या मजल्यावर ती होती. अगदी कडेला, पाय बाहेर सोडून बसलेली. वेणीची रिबीन वाऱ्याने उडत होती. मावशी, इथे मी विनोद करू शकत नाही, माफ कर. मागे न बघता तीच म्हणाली, "येऊ नका. म्या न्हाई वाचनार."

काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. तुझ्यासारखं, शांत, पक्कं. मी पायरीवर मटकन बसले होते आणि तोंडातून निघालं ते एवढंच: "दिशा, मला खाली उतरता येत नाहीये."

तिने वळून पाहिलं. "आँ?"

"खरंच. पाय हलत नाहीत."

मी खोटं बोलतेय का ते तिने आधी नीट पारखलं. मग तिने पाय आत घेतले, उठली आणि कडेकडेनेच, हात झाडत, माझ्याकडे आली. (कडेकडेने! मी डोळे मिटले.) माझे तळवे चाचपून म्हणाली, "लई घाम फुटलाय की तुमाला. भिताडाला खेटा अन् बसून बसून उतरा. खाली बगू नका."

"मग बघू कुठे?"

"माज्याकडं."

अशी मी उतरले, माजी खेळाडू, बुडावर, एकेक पायरी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय पुन्हा गोठले. समोर भिंतीवर लाल रंगात काहीतरी रंगवलेलं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं नाचत होती. म्हटलं, "काहीतरी बोलत राहा. ते काय लिहिलंय ते वाच, मोठ्याने." शपथेवर सांगते, यात शिक्षणशास्त्र वगैरे काही नव्हतं, मला फक्त माणसाचा आवाज हवा होता. ती वाचू लागली. "का...म चा...लू... आ...हे." मग थांबली. मी म्हटलं, "थांबू नकोस गं, मी पडेन!" मग तिने "प्रवेश" पार केला. पुढच्या शब्दाशी झटली, दोनदा मागे आली, तिसऱ्यांदा दम धरून म्हणाली, "निषि...द्ध. म्हंजी काय?"

"म्हणजे इथे यायचं नाही."

"मंग आदी वाचाया पायजे व्हतं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी तिथेच हसत सुटलो. मी हसत होते की रडत होते ते नक्की नाही.

खाली चंद्राबाई उभ्या होत्या. त्यांनी दिशाच्या पाठीत एक धपाटा घातला, मग माझ्या पाठीत एक, आणि मग दोघींना एकाच वेळी कवेत घेऊन शिव्या देऊ लागल्या. शिव्या संपल्या तरी सोडेनात. तेव्हा मला कळलं की त्याही माझ्यासारख्याच भित्र्या आहेत, फक्त त्यांचा आवाज मोठा आहे.

जयसिंग सरांना मी सांगितलं की तिला वाचायला लावू नका. सर कबूल झाले, पण काल पुन्हा वाचन होतं तेव्हा दिशा स्वतःच उठली आणि पालकांसमोर उभी राहिली. दीड वाक्य वाचलं. मग पुस्तक मिटून म्हणाली, "ऱ्हायलेलं पुडच्या शनवारी." कोणी हसलं नाही. अमोलने टाळ्या वाजवल्या त्या शाळेबाहेरच्या कुत्र्यांनीही ऐकल्या.

काकांना नमस्कार. मला अजून डोळे मिटले की ती रिबीन दिसते.

तुझी भाची,
उत्कर्षा

ता. क. पत्राचं खरं कारण राहूनच गेलं. जन्मभर तू पहिलीच्या मुलांना शिकवलंस. जोडाक्षरं कशी शिकवतात? मला फक्त जीव धोक्यात घालून शिकवता येतात आणि ते दर शनिवारी परवडणार नाही. शिवाय सरांनी कौतुकाने आणखी मुलं माझ्या गळ्यात घातली आहेत. थोडे दिवस इकडे ये. माझी खोली तळमजल्याला आहे.

ता. क. आईने विचारलंच तर सांग, उत्कर्षाच्या कोपराला खरचटलंय ते बॅडमिंटनमुळे.

ता. क. या पुढच्या ओळी दिशाच्या. पत्र टाकायच्या आधी तिच्याकडून वाचून घेतलं. चुका सुधारल्या नाहीत.

मी दिशा. ताईनी मला हे पतर वाचायला दिलं. लई वेळ लागला. ताईला वाटतं मी रुसली कीच जात वते. मी तितं रोज बसत वते. आता नाई जात. ताई लई भेती.