शिट्टी वाजल्यावर

फुलचूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. खुशाल यास अनेक आशीर्वाद.

फोन केला की मावशी तुझ्या शेजारीच असते, म्हणून लिहिते. काल तुरुंगात तिच्या मुन्नाला भेटले. त्याच्यासारख्या, समज कमी असलेल्या कैद्यांना तिथे पत्रावळी-द्रोण करायला शिकवतात. पाहुणे येणार होते, म्हणून नातेवाइकांनाही आत बसवले.

गुरुजींनी शिट्टी वाजवली की सगळे बसतात. पुन्हा वाजली की द्रोण दाबतात. समोर पाण्याचा पेला होता. मुन्ना ओठ चाटत राहिला, पण शिट्टीविना त्याने हात लावला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला पहिला नंबर दिला, हार घातला. मला किळस आली.

गावाला मासे धरायला तलाव कधी खुलतो, एवढेच त्याने मला विचारले. तलाव खुलल्याची शिट्टी होऊन गेली अशी थाप मारून याला जाळ्यासकट पाण्यात उतरवणारा विक्की मजेत असेलच. झटापटीत राखणदाराचा हात मोडला आणि तुरुंगात गेला हा.

तुझा फोटो मिळाला. मिशी काढ, कैदी तूच दिसतोस.

माया आहेच, कळवत जा.
तुझी ताई, दामिनी

अर्जुनी मोरगाव,
२ मार्च २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

मिशी राहील. मुन्ना पुढच्या महिन्यात सुटतो. मच्छीमार सोसायटीचे टिकारामभाऊ म्हणाले, पोरगा तिथे शहाणा झाला असेल तर यंदा तलावात उतरू दे. नीट वागला तर जाळे ओढायला कायमचा घेऊ. दुसरे काम त्याला कोण देणार?

मावशी त्याचे जाळे विणून राहिली आहे. काऊन रडतेस विचारले, तर म्हणे धूर लागला. चूल विझलेली होती.

आशीर्वाद असू दे.
खुशाल

अर्जुनी मोरगाव,
१८ मे २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

मुन्ना घरी आला आणि पहिल्या दिवशी जेवलाच नाही. ताटासमोर बसून राहिला. शेवटी मावशीने बाजारातून शिट्टी आणली. तेव्हापासून ती स्वतःच्या लेकाला शिट्टी वाजवून जेवू घालते. गल्लीतल्या पोरांनाही खेळ सापडला.

आज तलाव खुला झाला. सोसायटीचे मासे निघाले, राखणदाराने रिवाजाप्रमाणे शिट्टी वाजवली आणि उरलेल्या माशांसाठी सारा गाव पाण्यात धावला. मुन्ना जाळे बाजूला टाकून काठाच्या चिखलात मांडी घालून बसला. विक्कीने तोंडात बोटे घालून शीळ मारली. मुन्ना तळहातांत चिखल दाबू लागला, द्रोण दाबतात तसा. विक्की शीळ मारत राहिला, हा दाबत राहिला. लोक पाण्यात उभे राहून हसले. मीही तिथेच उभा होतो. टिकारामभाऊ म्हणाले, "घेऊन जा याले. पहिले बरा होता."

खरेच होता. आधी त्याला मासे धरता येत होते.

मग मावशी स्वतः त्याचे जाळे घेऊन पाण्यात उतरली. मासे आणले, रांधले, त्याला वाढले. शिट्टी तिने चुलीत टाकली.

तो ताटासमोर बसला आहे. कालवण केव्हाच थंड झाले. मी लिहून राहिलो, मावशी त्याच्याकडे पाहून राहिली.

लोभ असू दे, त्याच्यावरही.
खुशाल