नखाच्या कडेची हुकं

७ जून

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

घड्याळं दुरुस्त करून तुझा एक डोळा भिंगालाच चिकटला असेल, म्हणून ही बातमी खास तुला. कातडी कडक होण्याच्या माझ्या दुखण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी यंदा नवंच काढलं. नखाच्या कडेवर तेलाचा थेंब टाकून वर सूक्ष्मदर्शक धरला आणि पडद्यावर माझ्याच बारीक रक्तवाहिन्या दाखवल्या. चांगल्या माणसाच्या म्हणे हुकांच्या ओळीसारख्या दिसतात. माझ्या बोटांवर रक्ताचे ठिपकेच ठिपके. बाई गंभीर झाल्या. मग मी सांगितलं, तपासणीला जायचं म्हणून आदल्या दिवशी नखांभोवतीची कातडी कात्रीनं साफ केली होती. शिवणारीला सुटे धागे बघवत नाहीत. बाईंनी कपाळाला हात लावला. कात्री न लावता महिन्याभरानं या म्हणाल्या.

हो, शिवणाचं मशीन वरच्या खोलीतून खाली आणलंय. खाली उजेड बरा.

लोभ माझ्या बोटांसारखा गार पडू देऊ नकोस.

तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकं मलाही बघायचीत. पण बाई नखात काय शोधतात, ते तू लिहिलं नाहीस. दुकानात घड्याळ टाकायला येणाऱ्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नखाशी वाहिन्या कमी होत गेल्या, तर फुप्फुसांकडेही लक्ष द्यावं लागतं. झाकण न उघडता काट्यांवरून आतलं ओळखावं, तसं.

वरच्या खोलीला दोन खिडक्या, खाली एक. मग उजेड खाली कधी उतरला? फोनवर हल्ली वाक्याच्या मध्येच थांबतेस. दम लागतो हे बाईंना सांगितलंस का?

रागाव, पण उत्तर धाड.

तुझा भिंग्या

१२ जुलै

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

तुझ्यापासून काही लपत नाही, मेल्या. या खेपेला कात्री शेजारणीकडे ठेवून दिली होती. ठिपके गेले आणि ओळीत मोकळ्या जागा दिसल्या, हुकं उसवल्यासारख्या. जिना चढताना काय होतं, असं बाईंनी विचारलं. उजेडाचं कारण तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि दम लागतो म्हणाले. मग नळीत फुंकायला लावलं, छातीचे फोटो काढले. फुप्फुसांना झळ लागलीय, पण थोडी. औषध सुरू झालंय. यापुढे नखं आणि श्वास दोन्ही शेजारी ठेवून बघत राहणार.

सोबत नखांचं चित्र धाडते. मोकळ्या जागा माझ्या पाहून झाल्या. तू भिंग लावून उरलेली हुकं बघ आणि कशी आहेत ते लिही.

मशीन खालीच राहील. उजेड खरंच कमी आहे रे. येशील तेव्हा एक दिवा बसवून दे.

तुझी ताई